इन्सुलाभोवतीची खाच गोल नाही: मेंदू हातात घेऊन शिकताना

प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मॅडम, एका पुस्तकात इन्सुलाभोवती एकच 'सर्क्युलर सल्कस' असतो असं दिलंय. दुसऱ्यात अँटिरियर, सुपिरियर आणि इन्फिरियर असे तीन लिमिटिंग सल्कस दिलेत. हॉलमधल्या स्पेसिमेनवर मला गोल असं काही दिसलंच नाही. परीक्षेत काय लिहू? आणि एवढ्या बारीक खाचा पाठ करून पुढे उपयोग काय?"

इन्सुला म्हणजे मेंदूच्या बाजूच्या मोठ्या फटीत दडलेला भाग, आणि सल्कस म्हणजे खाच. तुला तिथे गोल दिसलं नाही, कारण तिथे गोल नाहीच. डोळ्यांवर विश्वास ठेव. परीक्षेत असं लिही: इन्सुलाला वेढणाऱ्या खाचेला सर्क्युलर सल्कस म्हणतात, तिचे पुढचा, वरचा आणि खालचा असे तीन भाग असतात, आणि पुढच्या-खालच्या कोपऱ्यात, लिमेन इन्सुली नावाच्या उंचवट्यापाशी, ती तुटलेली असते. एवढ्यात दोन्ही पुस्तकं बसतात. शेवटचं वाक्य मात्र गाळू नकोस. तेवढ्यावरूनच परीक्षकाला कळतं की या मुलीने मेंदू हातात घेऊन पाहिलाय.

उपयोगाचं उत्तर मोठं आहे. कोल्हापुरात शरीररचनाशास्त्र शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली आणि या तीन खाचांइतका अन्याय मेंदूच्या दुसऱ्या कुठल्या भागावर झालेला मी पाहिला नाही. पुस्तकात त्या एका ओळीत उरकतात. मुलं त्यांना नकाशावरच्या सीमारेषा समजतात. प्रत्यक्षात त्या खोल उतरणाऱ्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेच्या तळाशी वेगळं काहीतरी आहे. एकच नाव दिलं की हा फरक बुजून जातो.

आधी बघायचं कसं ते सांगते. मेंदूचा डावा अर्धा घे आणि बाहेरची बाजू आपल्याकडे कर. आडवी, मागे किंचित वर चढणारी जी मोठी फट दिसते ती सिल्व्हियसची. सतराव्या शतकातल्या फ्रान्सिस्कस सिल्व्हियसचं नाव तिला मिळालं. ही फट म्हणजे दोन मिटलेले ओठ समज: वरचा ओठ फ्रंटल आणि पॅरायटल लोबचा, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागांचा; खालचा टेम्पोरलचा, म्हणजे कानाजवळच्या भागाचा. या ओठांनाच ऑपर्क्युला म्हणतात, म्हणजे झाकणं. इन्सुला त्या झाकणांच्या आत आहे. योहान क्रिस्टियान राइल या जर्मन वैद्याने १८०९ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. 'बेट' हा शब्द त्याचाच. म्हणून आजही जुने लोक तिला राइलचं बेट म्हणतात.

आता ओठ उघड, पण सुरीने नाही. मी शिकत होते त्या ठिकाणी ऑपर्क्युला सरळ कापून टाकायची पद्धत होती. इन्सुला लगेच दिसते, वेळ वाचतो. पण वरची खाच म्हणजे एका बाजूला इन्सुला आणि दुसऱ्या बाजूला झाकणाची आतली बाजू, या दोहोंमधली दरी. झाकण कापलं की दरीची एक भिंतच गेली. मग उरतो फक्त काठ. मीसुद्धा पहिली काही वर्षं तसल्याच स्पेसिमेनवर शिकवलं आणि खाच ओळखता आली नाही म्हणून मुलांना बोलले. चूक त्यांची नव्हती. आम्ही त्यांच्यासमोर ठेवलेल्या मेंदूत ती खाच शिल्लकच नव्हती.

त्यामुळे आता मी ट्रेमध्ये पाणी भरून, मेंदू त्यात बुडवून काम करायला लावते. पाण्यात अ‍ॅरॅक्नॉइडचा पातळ पापुद्रा तरंगतो, चिमट्याने धरता येतो. सुरुवात फ्रंटल लोबमधल्या त्रिकोणी वळीच्या, म्हणजे पार्स ट्रँग्युलॅरिसच्या, अगदी खाली कर. ती वळी थोडी मागे सरलेली असते, त्यामुळे फट तिथे सगळ्यात रुंद असते. न्यूरोसर्जनही बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतात. पापुद्रा मागे मागे सोलत जा, ओठ बोटाने हळू फाकव, घाई करू नकोस. ज्या आजी-आजोबांनी देहदान केलं त्यांच्यामुळे हा मेंदू तुझ्या हातात आहे; अर्धा तास जास्त लागला तर लागू दे.

फट उघडली की आधी इन्सुला दिसत नाही, रक्तवाहिन्या दिसतात. मिडल सेरेब्रल धमनीच्या फांद्या इन्सुलावर पसरलेल्या असतात. फॉर्मॅलिनमध्ये राहून त्या चपट्या, तपकिरी, ओल्या सुतळीसारख्या झालेल्या असतात. त्या लगेच काढू नकोस, खाचा शोधायला त्याच उपयोगी पडतात. एक फांदी निवड आणि चिमट्याच्या टोकाने तिचा माग काढ. ती खालच्या कोपऱ्यातून निघते, इन्सुलावरून वर चढते, वरच्या काठाला पोचते आणि तिथे पुढे वाटच नसल्यामुळे केसात घालायच्या पिनेसारखी वळून झाकणाच्या आतल्या अंगाने परत खाली येते. मग ओठाला वळसा घालून मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठावर जाते. जिथे वळली ती जागा म्हणजे वरची लिमिटिंग खाच. धमनीच्या भागांची एम-टू, एम-थ्री, एम-फोर ही नावं तू पाठ केली असशील. एम-टू संपून एम-थ्री सुरू होते ती नेमकी या खाचेत, हे हाताने एकदा पाहिलंस की पाठ करायची गरज राहणार नाही.

याच वळणांवर कितीतरी वर्षं डॉक्टरांनी निदानं केली. एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरने १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्यांचं चित्रण पहिल्यांदा केलं. सीटी स्कॅन यायला त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ गेला. त्या मधल्या काळात बाजूने काढलेल्या अँजिओग्रॅमवर सगळ्या फांद्यांची वरची वळणं एका ओळीत दिसायची आणि ती ओळ म्हणजेच वरची खाच. तिच्यासह खालच्या फांद्यांचा मिळून एक त्रिकोण व्हायचा, त्याला सिल्व्हियन ट्रँगल म्हणत. टेम्पोरल लोबमध्ये गाठ असेल तर त्रिकोण वर ढकलला जायचा, फ्रंटलमध्ये असेल तर खाली दाबला जायचा. गाठ दिसायची नाही, खाच सरकलेली दिसायची. त्यावर कवटी कुठे उघडायची ते ठरे.

आता रक्तवाहिन्या हळूच उचलून बाजूला कर. इन्सुला दिसेल ती उलट्या त्रिकोणासारखी: रुंद बाजू वर, टोक खाली आणि पुढे. तिच्यावरच्या वळ्या पंख्याच्या काड्यांसारख्या खाली एकत्र येतात. मधली तिरपी, खोल खाच म्हणजे इन्सुलाची सेंट्रल सल्कस. मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठावरच्या मधल्या मोठ्या खाचेशी, म्हणजे रोलँडोच्या खाचेशी, तिची दिशा साधारण जुळते. तिच्या पुढे तीन आखूड वळ्या, मागे दोन लांब. मधली आखूड वळी पुष्कळदा बारकी, दबलेली असते. दोनच मोजता आल्या तर घाबरू नकोस, तिसरी फटीत दडलेली असेल. ही सेंट्रल सल्कस इन्सुलाच्या अंगावरची आहे, तिला वेढणाऱ्या खाचांत धरू नकोस. तोंडी परीक्षेत हा घोळ मी दर वर्षी ऐकते.

तिन्ही खाचांत वरची सगळ्यात लांब, साधारण तुझ्या करंगळीएवढी. तिच्यावर झाकण आहे ते फ्रंटो-पॅरायटल ऑपर्क्युलमचं. पण तिचं खरं महत्त्व खाली आहे. या खाचेच्या पातळीला आत प्युटॅमेन, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातला राखाडी गोळा, संपतो. तोपर्यंत एक्स्टर्नल कॅप्सूल आणि इंटर्नल कॅप्सूल या तंतूंच्या दोन पट्ट्यांना त्याने वेगळं ठेवलेलं असतं. तो संपला की दोन्हींचे तंतू मिळून कोरोना रेडिएटा हा तंतूंचा पसरट गुच्छ तयार होतो. आपल्या भागातल्या मुलांना मी प्रयाग चिखली आठवायला सांगते. वेगवेगळ्या खोऱ्यांतून आलेलं पाणी तिथे एक होऊन पुढे पंचगंगा म्हणून वाहतं. मधला डोंगर संपला की नद्या भेटतात, तसा मधला प्युटॅमेन संपला की तंतू भेटतात. खाचेच्या मागच्या भागाखाली हात-पाय हलवणारे तंतू जवळ असतात. शिवाय मागच्या-वरच्या भागात एम-टूपासून निघणाऱ्या काही लांब, बारीक वाहिन्या थेट कोरोना रेडिएटापर्यंत जातात. इन्सुलातली गाठ काढताना ती अगदी स्वच्छ निघाली, तंतूंना धक्काही लागला नाही आणि तरीही रुग्णाची एक बाजू लुळी पडली, असं होऊ शकतं. त्यामागे यातलीच एखादी वाहिनी बंद पडलेली असते. म्हणून शल्यचिकित्सक त्या कोपऱ्यात अतिशय जपून वागतात.

पुढची खाच सर्वांत आखूड, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. तिच्यापुढे फ्रंटल लोबचा डोळ्याच्या खोबणीवर टेकणारा भाग येतो. तळाच्या आत इंटर्नल कॅप्सूलचा पुढचा भाग, त्यापलीकडे कॉडेट या गाभ्यातल्या दुसऱ्या राखाडी गोळ्याचं डोकं आणि लॅटरल व्हेंट्रिकलचं, म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीचं, पुढचं शिंग. एवढं पुरे.

खालची खाच वरचीपेक्षा थोडी कमी लांब. तिच्याखाली टेम्पोरल लोबचं झाकण असतं. त्याच्या वरच्या पृष्ठावर मागे गेलीस तर आडवी हेशलची वळी मिळेल. ऐकण्याचं प्राथमिक केंद्र तिच्यावर. बाहेरून न दिसणारं हे केंद्र बघायचं असेल तर हा ओठ उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. पण खाली गेल्यावर या खाचेचं खरं रूप कळतं. तिच्या तळाशी पांढऱ्या तंतूंचा एक अरुंद पट्टा आहे, टेम्पोरल स्टेम. अख्खा टेम्पोरल लोब मेंदूच्या गाभ्याला या पट्ट्याने जोडलेला. त्यात पुढे अनसिनेट फॅसिक्युलस, मग इन्फिरियर फ्रंटो-ऑक्सिपिटल तंतू, अँटिरियर कमिशरचे तंतू आणि दृष्टीच्या तंतूंचा पुढे झेप घेऊन मागे वळणारा मायरचा फास. पट्टा ओलांडला की लॅटरल व्हेंट्रिकलचं टेम्पोरल शिंग आणि त्याच्या तळाशी स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात सिल्व्हियसच्या फटीतून आत जाऊन, याच खाचेच्या तळाला लहानशी चीर देऊन हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचणारी शस्त्रक्रिया यशर्गिल या न्यूरोसर्जनने रूढ केली. बाहेरचा टेम्पोरल लोब शाबूत राहतो. चीर जरा सरकली आणि मायरचा फास दुखावला तर विरुद्ध बाजूच्या दृष्टिक्षेत्राचा वरचा चतुर्थांश जातो. रुग्णाला दृष्टी गेल्याचं जाणवतही नाही कधी कधी. तो एवढंच सांगतो की त्या बाजूची माणसं, भिंतीची कडा अचानक अंगावर आल्यासारखी वाटते.

आता तुझ्या 'गोल' शब्दाकडे. पुढची खाच खाली उतरते, खालची खाच पुढे येते, पण दोघी भेटत नाहीत. मध्ये एक गुळगुळीत, कमानदार उंचवटा राहतो, तो लिमेन इन्सुली. लिमेन म्हणजे उंबरा. बोटाने चाचपून बघ. वळ्यांची खडबडीत जागा संपते आणि बोट निसरड्या कमानीवरून आतल्या अंगाला सरकतं. पातळ कॉर्टेक्सखाली, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या राखाडी थराखाली, अनसिनेट फॅसिक्युलस इथे कोपरासारखं वाकलेलं आहे, म्हणून कमान. महापुरात आपण शिरोळ तालुक्यातली गावं बघतो: चारी बाजूंनी पाणी, पण कुठेतरी एक चढाची वाट उरते आणि सगळं येणं-जाणं तिच्यावरून होतं. राइलच्या बेटाची ती कोरडी वाट म्हणजे हा उंबरा. इन्सुला मेंदूच्या तळाशी, वासाच्या भागाशी सलग जोडलेली राहते ती इथूनच.

आणि रक्तही इथूनच येतं. मिडल सेरेब्रल धमनी मेंदूच्या तळातून बाहेरच्या अंगाला येते, उंबऱ्यापाशी वळते आणि पुढे एम-टू म्हणून इन्सुलावर चढते. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला अँटिरियर परफोरेटेड सबस्टन्स: सुईने टोचल्यासारख्या छिद्रांची चाळण. त्या छिद्रांतून लेंटिक्युलोस्ट्रिएट वाहिन्या वर जातात. केसासारख्या या वाहिन्यांवर प्युटॅमेन आणि इंटर्नल कॅप्सूलचा बराच भाग अवलंबून असतो. उंबऱ्यापासून आत थोडंसंच जायचं, की हा प्रदेश सुरू. इन्सुलाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत आतल्या बाजूला कुठे थांबायचं याची खूण यातलीच सर्वांत बाहेरची वाहिनी असते. 'सर्क्युलर' म्हणून तू बंद वर्तुळ काढलंस तर ज्या एका जागी वर्तुळ उघडं असायला हवं, नेमकी तीच बुजवलीस. माझा या शब्दावरचा राग एवढ्यासाठीच आहे.

ही अशी रचना झाली कशी? विद्यार्थी सांगतात, इन्सुला आत बुडाली. ती बुडालेली नाही. गर्भ पाचेक महिन्यांचा असताना ती बाजूला उघडीच असते, उथळ खळग्यासारखी. तिच्याखाली बेसल गँग्लियाचा, म्हणजे प्युटॅमेनसारख्या राखाडी गोळ्यांचा, घट्ट गाभा आहे, त्यामुळे ती फारशी पसरत नाही. फ्रंटल, पॅरायटल आणि टेम्पोरल लोब मात्र झपाट्याने फुगतात आणि तिन्ही बाजूंनी तिच्यावर येतात. जन्मानंतरही झाकणं मिटत राहतात. प्रत्येक झाकण वेगळ्या लोबचं, म्हणून प्रत्येक खाच वेगळी. खाचा तीन का, याचं उत्तर मला इथेच सगळ्यात पटतं. संग्रहालयातली गर्भाच्या मेंदूची बरणी उजेडाकडे धरून बघ, तिथे बेट झाकण्याआधीचं दिसेल.

आतल्या थरांचा क्रम तुला आडव्या कापात पाठ असेलच: इन्सुलाचा कॉर्टेक्स, एक्स्ट्रीम कॅप्सूल, क्लॉस्ट्रम, एक्स्टर्नल कॅप्सूल, प्युटॅमेन. पण तो बाहेरून आत एकेक पापुद्रा काढत बघण्यात वेगळी मजा आहे. बाझलचा योझेफ क्लिंगलर याने १९३५ मध्ये ती रीत मांडली: फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला मेंदू गोठवायचा. बर्फाचे कण तंतूंच्या मधे वाढतात आणि त्यांना सुटं करतात. मग लाकडी पट्टीने ते सालीसारखे निघतात. आम्ही आइस्क्रीमची लाकडी काडी घासून निमुळती करून वापरतो. धातूचं हत्यार तंतू कापतं, लाकूड त्यांच्या दिशेने सरकतं.

तू पुढे न्यूरोसर्जन होणार नसशील कदाचित. पण कॅज्युअल्टीत ड्युटी करशीलच. कोल्हापुरात एखाद्या रात्री भुदरगड किंवा गगनबावड्याकडून कुणाला तरी आणतील: अचानक एक बाजू लुळी, वाचा बंद. सीटी काढशील आणि वरवर तो नॉर्मल वाटेल. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या इन्सुलाकडे बघ. निरोगी बाजूला खाचेलगत कॉर्टेक्सची राखाडी फीत नीट उठून दिसते. आजारी बाजूला ती पुसट होऊन शेजारच्या पांढऱ्या भागात मिसळलेली असते. याला इन्सुलर रिबन साइन म्हणतात, १९९० मध्ये त्याचं वर्णन झालं. मिडल सेरेब्रल धमनी बंद पडली की इन्सुला लवकर दगावते, कारण पुढच्या आणि मागच्या सेरेब्रल धमन्यांची मदत तिच्यापर्यंत पोचायला सगळ्यात लांब. स्ट्रोकचं प्रमाण मोजायच्या अ‍ॅस्पेक्ट्स या गुणपद्धतीच्या दहा गुणांपैकी एक गुण एकट्या इन्सुलाचा आहे. फीत कुठे असायला हवी हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती पुसलेली दिसते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि घाटातून येण्यातच त्यातले कितीतरी गेलेले असतात.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. काही मुलांच्या मेंदूचा एक अर्धा इतका आजारी असतो की दिवसाला डझनावारी झटके येतात आणि औषध चालत नाही. पूर्वी तो अर्धा काढून टाकत. मग लक्षात आलं की काढायची गरज नाही, तोडला तरी पुरे. व्हिल्मूर आणि मॅस्कॉट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पेरी-इन्सुलर हेमिस्फेरॉटॉमीत वरच्या खाचेच्या बाजूने एक खिडकी करतात, खालच्या खाचेच्या बाजूने दुसरी. वरून कोरोना रेडिएटा तोडत व्हेंट्रिकलमध्ये, खालून टेम्पोरल स्टेम तोडत टेम्पोरल शिंगात, आणि मग आतून कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा पूल. मेंदू आणि त्याचा रक्तपुरवठा जागेवर राहतो, झटक्यांची वाट मात्र बंद होते. तू विचारलंस ना, बारीक खाचा पाठ करून उपयोग काय?

आकृती काढताना एवढं कर. वर एक लांब, मागे जाणारी रेघ. तिच्या पुढच्या टोकापासून खाली आखूड रेघ. मागच्या टोकापासून पुढे-खाली येणारी तिसरी. खालच्या टोकाला दोन्ही रेघा जुळवू नकोस, बोटाच्या नखाएवढी फट ठेव, तिथे 'लिमेन' लिही आणि त्या फटीतून आत शिरणारी धमनी लाल पेन्सिलीने काढ. गुरुवारी दुपारी हॉल रिकामा असतो. त्याच मेंदूचा उजवा अर्धा मी न उघडता ठेवलाय, मधल्या टेबलाखालच्या ट्रेमध्ये. ये, आणि ती फट या वेळी तू उघड.